सदरा वर ओला, खाली कोरडा

(लातूर इथे क्रीडाशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, व्हीलचेअरवरचे खेळाडू आणि त्यांच्या घरच्या माणसांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

मला जे सांगायचंय ते एका आईने मला शिकवलं, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते. मे महिना होता, औसा तालुक्यातलं एक गाव. शेळ्यांसाठी लिंबाचा पाला काढताना तिचा मुलगा फांदीवरून पडला होता आणि छातीच्या वरच्या भागात मणका मोडला होता. अपघाताला दीड वर्ष झालं होतं. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नवी होते. अंगणात पोरगं व्हीलचेअर फिरवत होतं, मी शाबासकी देत होते. आई उंबऱ्यातून म्हणाली, "ताई, याचा सदरा बघा की. वरून ओलाचिंब अन् खाली कोरडा ठाक. असं कसं वो?"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, छातीवर एक रेघ ओढल्यासारखी होती. रेघेच्या वर घामाच्या धारा आणि खाली तापलेली कोरडी कातडी. ते का होतं हे मी परीक्षेत लिहून पास झालेली होते. पण पाहिलं नव्हतं. त्या माउलीने पाहिलं होतं, कारण ती रोज त्याचा सदरा धूत होती.

आज जे काही सांगणार आहे ते सगळं त्या रेघेबद्दल आहे. मणक्याची इजा झाली की लोक पायांकडे बघतात. पाय गेले म्हणतात. पाय जाणं हा दिसणारा भाग. पण मज्जारज्जूतून फक्त पाय हलवण्याचे निरोप जात नाहीत. हृदयाचा वेग वाढव, रक्तवाहिन्या आवळ, घाम सोड, लघवी धरून ठेव, हेही निरोप त्याच वाटेने जातात. डीपीवरून निघालेली तार मधे तुटली तर पुढच्या शेतातली मोटार बंद पडते, ते बांधावरून जाणाऱ्यालाही कळतं. पण त्याच तारेवर गोठ्यातला दिवा होता आणि घरातला पंखाही होता, हे त्या घरातल्यांनाच माहीत. खेळाडू तयार करायचा असेल तर आपल्याला त्या घरात जावं लागतं.

मानेत सात मणके, छातीच्या भागात बारा, कंबरेत पाच, खाली माकडहाडाकडे उरलेले. इजा मानेत असेल तर हात, पाय, धड सगळ्यांवर परिणाम होतो. छातीत किंवा कंबरेत असेल तर हात शाबूत राहतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं: शरीराला धावपळीसाठी तयार करणाऱ्या सिंपथेटिक नसा मेंदूतून थेट निघत नाहीत. त्या मज्जारज्जूच्या छातीच्या पहिल्या भागापासून कंबरेच्या दुसऱ्या भागापर्यंत, म्हणजे टी-१ ते एल-२ या पट्ट्यातून बाहेर पडतात. हृदयाला जाणाऱ्या नसा टी-१ ते टी-४च्या आसपास. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या त्याखाली. म्हणजे मानेत तार तुटली तर हा अख्खा पट्टा मेंदूच्या हुकमाबाहेर गेला. टी-१०ला तुटली तर हृदय सुरक्षित. दोघेही व्हीलचेअरवर, दोघांनाही बघणारा "अपंग" म्हणणार, आणि दोघांची शरीरं मात्र दोन वेगळ्या गावांची.

हे न समजल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते. मानेत इजा झालेला एक बावीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे यायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तळाला जातं, तरी पोरं सवयीने काठावरून सूर मारतात. तसा सूर मारून डोकं खडकावर आपटलेला. मी त्याला हातांनी फिरवायच्या सायकलवर बसवलं आणि पुस्तकातला हिशेब लावला: २२०मधून वय वजा करा, १९८ आले, त्याच्या पाऊण हिश्शाला म्हणजे १५०ला नाडी न्या. नाडी ११८च्या वर जाईना. मला वाटलं पोरगं अंग चोरतंय. "वाढव, अजून वाढव," असं मी ओरडत राहिले. तो बिचारा ओठ पांढरे पडेपर्यंत फिरवत राहिला आणि शेवटी मान टाकून बसला. तो चोरत नव्हता. ११८ हाच त्याचा कळस होता.

कारण साधं आहे. हृदयाला बैलासारखे दोन हुकूम असतात. व्हेगस ही नस म्हणजे कासरा, ती ओढून धरते. सिंपथेटिक नसा म्हणजे आसूड. व्हेगस मेंदूच्या बुडातून निघून मणक्याच्या बाहेरून हृदयाकडे जाते, त्यामुळे मानेच्या इजेत ती वाचते. आसूड मात्र हातातून जातो. कासरा ढिला सोडला की बैल चालायला लागतो, पण उधळत नाही. म्हणून मानेत पूर्ण इजा असलेल्या खेळाडूची नाडी जीव तोडून मेहनत केली तरी बहुतेक वेळा ११० ते १३०च्या दरम्यान थांबते. मनगटावरचं घड्याळ त्याला "हलका व्यायाम" म्हणेल. घड्याळाचं ऐकू नका. ज्यांची इजा टी-६च्या खाली आहे त्यांची नाडी मात्र तुमच्या-माझ्यासारखी १८०च्या पुढे जाऊ शकते.

मग मेहनत मोजायची कशाने? खेळाडूला विचारून. बोर्गची एक मोजपट्टी आहे, ६ ते २०ची. ६ म्हणजे आराम, २० म्हणजे आता जीव जातो. मी ती मराठीत करून भिंतीवर चिकटवली आहे. १३ला "जरा जड जातंय", १५ला "जड", १७ला "फार जड". पोरं दोन आठवड्यांत इतकी नेमकी बोलतात की मी नाडी बघायचंच सोडलं. दुसरी खूण बोलण्याची: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम मेहनत. दोनच शब्द निघतात, म्हणजे जोराची.

रक्ताचाही एक प्रश्न असतो. आपण चालतो तेव्हा पोटऱ्या आवळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी हलत नाही, रक्तवाहिन्या आवळत नाहीत, तेव्हा रक्त पायात आणि पोटात साचून राहतं. हृदयाकडे परत येणारंच कमी, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारंही कमी. खेळाडू सरळ बसवला की डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. पोटाला रुंद पट्टा बांधला की दोन कामं होतात: रक्त थोडं वर येतं आणि छातीखालच्या पडद्याला टेका मिळून श्वास सुधारतो. मानेच्या इजेत फासळ्यांमधले आणि पोटाचे स्नायू गेलेले असतात, श्वास त्या एका पडद्यावर चालतो. खोकलाही दमदार येत नाही. असा खेळाडू सर्दीत तालमीला आला तर त्याला घरी पाठवा.

आता घाम. लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठेही मे महिन्यात पारा ४२-४३वर जातो. धडधाकट माणूस कसा तगतो? घाम सुटतो, वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या घरातला माठ हेच करतो. माठाला बाहेरून तैलरंग लावला तर पाणी गार होणार नाही, कारण पाझर बंद. मणक्याच्या इजेत रेघेखालचं अंग म्हणजे रंग लावलेला माठ. मानेच्या इजेत तर जवळजवळ सगळाच माठ रंगवलेला. वर त्वचेकडे रक्त वळवण्याची सोयही गेलेली. अंग तापतं आणि तापतच जातं. मानेच्या इजेच्या खेळाडूंमध्ये खेळ थांबवून सावलीत आणल्यावरसुद्धा आतलं तापमान काही वेळ चढत राहतं. "आता बसलाय ना सावलीत, होईल गार" असं म्हणून पाठ फिरवू नका.

उपाय आपल्याकडे आहे आणि तो महागडा नाही. आपला मे महिना कोरडा असतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाळतं, कूलर त्याच जोरावर चालतो. घाम येत नसेल तर तो बाहेरून द्यायचा. झाडांवर फवारणीची एक लहान बाटली, हाताने दाबायची. तोंडावर, मानेवर, हातांवर, छातीवर, मांड्यांवर दर पाच-सात मिनिटांनी फवारा, आणि समोर पंखा किंवा वारा. ओला पंचा मानेभोवती. तालमीच्या आधी अर्धा तास सावलीत बसवून अंग गार करून घ्यायचं, मग मैदानात न्यायचं. मोठ्या स्पर्धांत बर्फाचे जाकीट वापरतात. आपल्याकडे बर्फ वापरायचा तर एक सावधगिरी: ज्या कातडीला स्पर्श कळत नाही तिच्यावर बर्फ थेट ठेवू नका, कातडी जळते आणि पत्ता लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये या लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्या दिवसांत फवाऱ्याची बाटली भरून देताना आमच्या मुलांच्या घरच्यांनी एकदाही हात आखडता घेतला नाही. हे मी विसरत नाही. पावसाळी दमट हवेत मात्र फवारा निम्मंही काम करत नाही. तेव्हा तालीमच छोटी करायची.

उन्हाची अजून एक गोष्ट. खुर्ची उन्हात ठेवू नका. रेक्झिनची सीट आणि लोखंडी पाय-पट्टी तापून तवा होते. मांडीवर पाव इंचाचे फोड आलेले मी पाहिलेत, आणि मुलगा हसत गप्पा मारत होता. त्याला कळलंच नव्हतं.

आता जे सांगते ते इथल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाठ करावं, असं मला मनापासून वाटतं. इजा टी-६ला किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा धोका असतो. रेघेखाली कुठेतरी त्रास होतोय: लघवीची पिशवी तट्ट भरली, नळीला पीळ पडला, शौच तुंबलं, पट्टा आवळला, नख रुतलं. दुखतं आहे हे मेंदूला कळत नाही, पण मज्जारज्जूच्या खालच्या भागाला कळतं, आणि तो एकट्याने रक्तवाहिन्या आवळायला लागतो. वरून "पुरे" असा हुकूम पोचत नाही. रक्तदाब भसकन चढतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, रेघेच्या वर घाम सुटतो, अंगावर काटा येतो, नाडी मात्र मंदावते. या लोकांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९०-१०० असतो, म्हणून १४० हा आकडा तुम्हाला साधा वाटला तरी त्यांच्यासाठी तो पुराचा इशारा आहे. काय करायचं? आडवं झोपवायचं नाही. सरळ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-बूट-पोटपट्टा सैल करा. मग लघवी बघा, नळी बघा, पिशवी रिकामी करा. कारण सापडून निघालं की बहुतेक वेळा काही मिनिटांत रक्तदाब उतरतो. नाही उतरला तर दवाखाना, आणि जाताना "मणक्याची इजा आहे, रक्तदाब चढलाय" हे शब्द तोंडात हवेत. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो.

आणि याच धोक्याचा काही खेळाडू मुद्दाम वापर करतात. त्याला बूस्टिंग म्हणतात. लघवी तुंबवून ठेवायची, पायाला इजा करायची, पट्टा करकचून आवळायचा, म्हणजे रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त रक्त मिळतं आणि शर्यतीत वेळ खरोखर कमी येतो. म्हणजे हरवलेला आसूड चोरवाटेने हातात घ्यायचा. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने यावर बंदी घातली आहे आणि स्पर्धेआधी वरचा रक्तदाब १६० किंवा जास्त भरला तर खेळाडूला उतरू देत नाहीत. माझ्या एका मुलाने कुठेतरी ऐकून मला विचारलं होतं, "ताई, लघवी धरून ठेवली तर जोर येतो म्हणे?" मी त्याला दोन तास समोर बसवून घेतलं होतं. पदकासाठी मेंदूची नस पणाला लावायला मी कुणालाही मदत करणार नाही, आणि तुमच्यापैकीही कुणी करू नये.

लघवीचा विषय निघालाच आहे तर लाजू नका. बहुतेक खेळाडू दिवसातून चार-सहा वेळा स्वतः नळी घालून लघवी काढतात. स्पर्धेच्या दिवशी ते पाणी पीत नाहीत. का? मैदानावर त्यांची खुर्ची जाईल असं शौचालय नसतं. एका क्रीडासंकुलात आम्ही गेलो होतो, शौचालयाला उतार केलेला, दारावर निळा फलक, आणि दार इतकं अरुंद की खुर्ची अडकली. दोन मुलींनी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत घोटभर पाणी घेतलं नाही. त्या आठवड्यात एकीला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन तापाने भरती करावं लागलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्याच्या ३०व्या कलमात खेळांबद्दल सरकारने काय करावं ते लिहिलेलं आहे. पण माझी मागणी कायद्याच्या आधीची आहे: दार रुंद करा. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

कातडीबद्दल मी कडक बोलते, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या नात्यातल्या एक काकू ढिगाऱ्यातून जिवंत निघाल्या, पाठ मोडलेल्या. सगळे म्हणाले, वाचल्या. त्या वाचल्या होत्या. मग कित्येक महिने बाजेवर एकाच कुशीवर पडून राहिल्या आणि जखमांनी गेल्या. भूकंपाने नाही. पुढे शिकायला लागले तेव्हा कळलं की हीच कहाणी जगभरची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जू तुटलेली बहुतेक माणसं दोन-तीन वर्षांत बेडसोर आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने जात. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? दर दोन तासांनी कूस बदलायची आणि लघवीची स्वच्छता ठेवायची. त्यानंतर खेळ आणला. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर घेतली. १९६०ला रोममध्ये पॅरालिम्पिक झालं, त्याचं मूळ ते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी कातडी, मग मूत्रपिंड, मग धनुष्य.

खेळाच्या खुर्चीत गुडघे वर आणि ढुंगण खाली अशी बैठक असते. तोल छान राहतो, पण बसायच्या हाडांवर भार वाढतो. पूर्वी आम्ही सांगायचो, दर अर्ध्या तासाने हातांवर अंग उचला. आता तसं सांगत नाही. दबलेल्या जागी रक्त पुरतं परतायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटं कुणी हातांवर लोंबकळत नाही. शिवाय खांद्याची वाट लागते. त्यापेक्षा पुढे वाका, छाती मांड्यांवर टेकवा, दोन मिनिटं. बूट बांधल्याचं सोंग करा म्हणजे लोक बघत नाहीत, असं माझ्याकडची एक मुलगी सांगते. रात्री झोपताना आरशात किंवा घरच्यांकडून बैठकीची जागा बघून घ्यायची. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल, तर डाग जाईपर्यंत खुर्ची बंद. राज्य स्पर्धा उद्या असली तरी बंद.

आणि आता खांदा. याच्यावर मी तासभर बोलू शकते, पण आवरते. मांडीचं हाड कंबरेच्या खोल उखळात बसलेलं असतं. खांद्याचं हाड मात्र ताटलीत लिंबू ठेवावं तसं. हात सगळीकडे फिरावा म्हणून निसर्गाने ती ताटली उथळ ठेवली. त्याच्यावर अंगाचा भार पेलायचं काम दिलेलं नव्हतं. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी खांदा हाच पाय होतो: रिम ढकलायची, बाजेवरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत जायचं. ढकलून ढकलून छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू दणकट होतात, पाठीमागचे, दोन्ही पात्यांमधले कच्चे राहतात. मग ते लिंबू ताटलीत वर आणि पुढे सरकतं, वरच्या हाडाखाली स्नायूंचे दोर घासायला लागतात. पोरं जिममध्ये जातात आणि अजून छातीच मारतात.

आमच्याकडे नियम आहे: ढकलण्याचा एक, तर ओढण्याचे दोन. रबरी पट्टा मैदानाकडेच्या कडुलिंबाच्या झाडाला बांधायचा, कोपर अंगाला चिकटवून मागे ओढायचं, पाती एकमेकांना भेटवायची. मग कोपर कुशीला ठेवून पंजा बाहेर फिरवायचा, हलक्या पट्ट्याने, पंधरा-वीस वेळा. हे बघायला काहीच वाटत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. पण जो हे करतो तो चाळिशीतही स्वतःच्या हातांनी बाजेवर जातो.

ढकलण्याची पद्धतही शिकवावी लागते. नवी मुलं रिमवर भराभर छोटे फटके मारतात. त्याऐवजी रिम मागून धरा, लांब आणि संथ ढकला, सोडल्यावर हात रिमच्या खालून अर्धगोल फिरवून मागे आणा. कमी फटक्यांत तेवढंच अंतर जातं. रोजच्या खुर्चीचा मागचा आस, उलटणार नाही इतपत, पुढे घ्या. मग हात रिमवर जास्त वेळ राहतो. टायरमध्ये हवा भरा. हे सांगायला लागतं याचं मला वाईट वाटतं, पण अर्ध्या हवेच्या टायरवर काळ्या मातीच्या रस्त्याने ढकलणारी मुलं मी दर आठवड्याला बघते, आणि मग खांदा दुखतो म्हणून गोळ्या घेतात.

इथे जे फिजिओ बसलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. सी-६च्या, म्हणजे मानेतल्या सहाव्या भागाच्या इजेत बोटं मिटता येत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट उचललं की बोटांचे आखूड झालेले दोर ताणून बोटं आपोआप मिटतात. त्या पकडीवर तो माणूस चमचा धरतो, नळी धरतो, रिमला हात लावतो. म्हणून मनगट वर उचलून बोटं सरळ ताणण्याचा व्यायाम त्याला देऊ नका. मायेने दिलेल्या त्या ताणाने पकड कायमची सैल होते.

तालीम किती? २०१८मध्ये मणक्याच्या इजेसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं आली. तब्येतीचा दम टिकवायला आठवड्यातून दोन दिवस निदान २० मिनिटं दमवणारा व्यायाम आणि चालत्या स्नायूंच्या ताकदीचे तीन-तीन फेरे. हृदय आणि चरबी-साखरेच्या आरोग्यासाठी आठवड्यातून तीन दिवस निदान अर्धा तास. हा पाया आहे. खेळाडूला त्याच्यावर बांधायचं: अर्धा मिनिट जोरात, एक मिनिट हळू, असे आठ-दहा फेरे, आठवड्यातून दोनदा. मधल्या दिवसांत लांब आणि निवांत. आठवड्यात एक पूर्ण दिवस खांद्याला सुट्टी, आणि त्या दिवशी घरची कामंही जरा वाटून घ्या, कारण खांद्याला तालीम आणि संसार यातला फरक कळत नाही.

हाडांचं थोडक्यात: भार न पडल्याने पायांची हाडं, विशेषतः गुडघ्याच्या वरची-खालची, ठिसूळ होतात. खुर्चीवरून पडल्यावर दुखलं नाही म्हणून मोडलं नाही असं धरू नका. सूज आणि गरमपणा दिसला की एक्स-रे. खाण्याचं: मोठे स्नायू झोपलेले असल्याने भूक तीच राहिली तरी गरज कमी असते. दोन भाकरीऐवजी दीड, पण शेंगदाणे, डाळ, दही, अंडं कमी करू नका.

आपल्या महाराष्ट्रात या वाटेवर सगळ्यात आधी चाललेले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीराचा खालचा भाग गेला. सैन्यात ते मुष्टियुद्ध खेळायचे. इजेनंतर पोहायला लागले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे पहिले भारतीय तेच. पद्मश्री मिळाली २०१८ला. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पाण्यात खांद्यावर अंगाचा भार नसतो, बसायच्या हाडांवर दाब नसतो आणि अंग तापत नाही. शरीराला मानवेल असा खेळ त्यांना मिळाला. माझ्याकडे पोरगं येतं तेव्हा मी आधी हेच शोधते. दम असेल पण खांदा कच्चा असेल तर हाताने चालवायची सायकल, ती रिम ढकलण्यापेक्षा खांद्याला सोसते. हात शाबूत आणि धड पक्कं असेल तर बास्केटबॉल. मानेची इजा असेल तर व्हीलचेअर रग्बी, हा खेळ १९७०च्या दशकात कॅनडात मानेची इजा झालेल्या खेळाडूंनीच स्वतःसाठी रचला. त्यात प्रत्येक खेळाडूला ०.५ ते ३.५ गुण असतात, शरीर जितकं कमी चालतं तितके कमी, आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज आठच्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे ज्यांचे हात कमी चालतात त्यांच्याशिवाय संघच उभा राहत नाही.

मागच्या वेळी असंच बोलून झाल्यावर एक आजी उठल्या होत्या. नातवाचा हात धरून त्यांनी विचारलं, "बाई, एवढं केल्यावर हा चालंल का?" सभागृह गप्प झालं. मी त्यांना खरं तेच सांगितलं, तुम्हालाही तेच सांगते. पूर्ण तुटलेली मज्जारज्जू व्यायामाने जोडली जात नाही. तो चालणार नाही. आजींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "मग माझ्या मागं याला बाजेवरून कोण उचलंल?" मी म्हटलं, त्याच्यासाठीच तो लिंबाला बांधलेला पट्टा आहे, आजी. तीन महिने द्या.

त्या मुलाला दोन महिने आणि काही दिवस लागले. पुढच्या रांगेत तो बसलाय, त्याच्या परवानगीने सांगते आहे.

उद्या सकाळी साडेपाचला ज्यांना मैदानावर यायचंय त्यांनी यावं. लघवी काढून या, पाणी पिऊन या. ओला पंचा आणि फवाऱ्याची बाटली सोबत हवी. आणि शिक्षकांनो, तुम्ही पांढरा सदरा घालून या आणि पोरांनाही पांढराच घालायला सांगा. अर्ध्या तासाने प्रत्येकाच्या छातीवरची रेघ कुठे आहे ते आपण मिळून बघणार आहोत.